पेटी डिक्कीतच बसणार

१८ नोव्हेंबर, मानवत

रुद्राणीनं दिवाळीत ही डायरी दिली. म्हणाली, "अप्पा, रिटायर झालाव. आता दिवसभर आईच्या मागं किरकिर करण्यापेक्षा ह्याच्यात करा." पोरगी परभणीत बँकेत हाय म्हणून काहीही बोलावं का? पण डायरी चांगली जाड आहे. घ्या मग, पहिली किरकिर.

मी राजशेखर. अख्खी नोकरी एस.टी.च्या इंजिनाला गुडघा लावून काढली. पाठीमागं पन्नास माणसं बोलायची, हसायची, पोरं मोबाईलवर गाणी लावायची आणि मला फक्त घरघर. ड्रायव्हरनं गाणं लावायचं नाही हा नियम. मी कधी मोडला नाही. तेव्हाच ठरवलं होतं की स्वतःची गाडी झाली की असं गाणं लावीन की छाती हलली पाहिजे.

गाडी झाली. जुनी आहे, पण डिक्कीवाली आहे. तिच्यातले स्पीकर मात्र बिनकामाचे. नुसती कुजबुज करतात. म्हणून आज परभणीला धम्मानंदच्या दुकानात गेलो. तो गाड्यांना सीट कव्हर, काचेची फिल्म, म्युझिक सगळं बसवून देतो. तरुण पोरगा, केसाला लाल रंग.

"काका, तुमच्या वयाला दोन साधे स्पीकर बास झाले," म्हणाला.

वय काढलं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, "तुझ्याकडं सगळ्यात मोठं काय हाय ते लाव."

त्यानं मला दुकानातल्या एका गाडीत बसवलं. डिक्कीत लाकडी पेटी, तिच्यात परातीएवढे दोन काळे स्पीकर. त्याला सबवूफर म्हणतात, पण दुकानातली पोरं नुसतं 'बेस' म्हणतात. हलगीचं गाणं लावलं. शिवा शिवा! पहिला ठोका पाठीतून आत शिरला आणि बरगडीत घुमला. किती वर्षांनी काहीतरी धड ऐकू आलं. धम्मानंद कानावर हात ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. आजकालच्या पोरांत दम नाही.

"हीच पेटी," म्हटलं.

"काका, तुमची डिक्की बारकी हाय. ह्यात ही बसत न्हाई."

"बसंल."

२१ नोव्हेंबर

घरी बायकोला, त्रिवेणीला पेटीचं सांगितलं. काही बोलली नाही. हल्ली तिचं हे नवीनच चाललंय. बोलायचं तर इतकं हळू की फक्त ओठ हलतात. 'काय?' विचारलं तर मान झटकून आत जाते. रागाची ही तऱ्हा तिनं कुठून शिकली कोण जाणे. नवरा रिटायर झाला की बायकांना तो घरात अडचण वाटतो, असं डेपोत सगळे म्हणायचे. खरं असावं.

संध्याकाळी बन्सीधर आला. माझा जुना कंडक्टर, पाठीमागच्याच गल्लीत राहतो. त्याचा आवाज कसा, विहिरीतून यावा तसा खर्जातला. त्याचा शब्द न् शब्द कळतो. माणसानं बोलावं तर असं. रुद्राणीचा फोन आला, तर तिच्या फोनला रेंजच नव्हती. दोनदा 'हॅलो' म्हणून ठेवला.

२८ नोव्हेंबर

धम्मानंदकडून पेटीची मापं आणली होती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तेवढीच खोटी पेटी केली. त्रिवेणी दारात उभी राहून बघत होती. डिक्कीच्या तोंडातून सरळ जाईना. उभी जाईना, आडवी जाईना. मग डोकं चालवलं. सोनपेठच्या आठवडी बाजारातून, बैलगाड्या आणि भाजीवाल्यांच्या मधून मी एस.टी. काढलेली आहे. जागा नसती तिथं गाडी दाबून निघत नाही, वळवून निघते. आधी डावा कोपरा आत घातला, मग पेटी तिरपी केली, मग फिरवली. गेली!

धम्मानंदला लगेच फोन. "बसली. आता म्हण बसत न्हाई म्हणून."

तो फोनवर काहीतरी बोलला. कळलं नाही. त्याच्याही फोनला रेंज नव्हती.

७ डिसेंबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

बन्सीधरला घेऊन सकाळीच परभणी गाठली. पेटी तयार होती, बाहेरून काळा मखमली कपडा. उचलली तर दोघांच्या कमरा बोलल्या. पुठ्ठा आणि लाकूड यांत फरक असतो, हे तिथं कळलं. पुठ्ठा दबला होता म्हणून आत गेला. ही दबेना. डावा कोपरा गेला, तिरपी झाली आणि अडकली. आत जाईना, बाहेर येईना. डिक्कीचं झाकण वर, पेटीचं ढुंगण रस्त्याकडं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एक जण म्हणाला, "मामा, घरच घेऊन चाललाव का सोबत?"

धम्मानंद म्हणाला, "काका, ऐका माझं. बारकी पेटी करून देतो. न्हाईतर पत्रा कापावा लागंल."

"पत्रा कापायचा न्हाई. पेटी बी कापायची न्हाई."

"मग कसं करायचं?"

"चहा घ्यायचा आधी."

चहा पिताना डिक्कीच्या तोंडाकडं बघत बसलो. तोंडाला चहूबाजूनं रबर होतं. जाडजूड. म्हटलं, हे उपट. धम्मानंदनं उपटलं. दोन बोटं जागा झाली. मग त्याला सुचलं की पेटीतले स्पीकर आधी काढून घ्यावेत, म्हणजे वजन कमी होईल आणि भोकात हात घालून धरता येईल. डोकं आहे पोराला. मागच्या सीटची पाठ खोलली आणि बन्सीधर आत जाऊन बसला, आतून ओढायला. त्याच्यातला कंडक्टर जागा झाला. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं घ्या... आजून... हळू!"

मी खांदा लावला. धम्मानंदनं खांदा लावला. एक करकर झाली आणि पेटी आत धप्पकन् बसली. बघे लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

रबर परत बसवलं, पुढच्या बॅटरीपासून वायर ओढली, स्पीकर जागेवर आणले. स्टेपनीला जागा उरली नाही. ती मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. बसू दे पाव्हण्यासारखी.

परत येताना असं वाजवलं की आरसा थरथरत होता. बन्सीधर मधेच माझा दंड धरून ओरडला, "आरं टिप्पर! मागून हॉर्न देऊन देऊन मेला त्यो!" टिप्पर घासून पुढं गेला. बन्सीधर घाबरट झालाय. कंडक्टर असताना असा नव्हता. गाणं बंद केलं तरी तो मानवत येईपर्यंत माझ्याकडं बघत होता.

१५ डिसेंबर

रुद्राणी आली. डिक्की उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. मग सीटवरची स्टेपनी बघितली आणि हसली. मला वाटलं, निभावलं.

जेवताना तिनं विषय काढला. समोर बसून, एकेक शब्द तोडून बोलत होती, शाळेतल्या पोराशी बोलावं तसं.

"अप्पा, तुमाला ऐकू येत न्हाई."

"मला?"

"व्हय, तुमाला. आई चार-चार येळा हाक मारती. शेवटी ती बोलायचंच सोडायली."

"ती बोलतच न्हाई तर ऐकू काय येणार? आणि मला बेस ऐकू येतो. तुला सोसवत न्हाई इतका ऐकू येतो. बहिऱ्याला येतो का?"

मी जिंकलो. परभणीत एक मशीनवाली मॅडम आहे, कान तपासते, म्हणे. मी सांगितलं की ड्रायव्हरची दर वर्षी तपासणी व्हायची आणि माझे डोळे आजही गरुडाचे आहेत. ती म्हणाली, "डोळ्याचं कोण बोलायलंय?" आणि ताट घेऊन उठली.

त्रिवेणीनं दोघांकडं बघितलं आणि मला आणखी एक भाकरी वाढली. मी मागितली नव्हती.

२२ डिसेंबर

गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक बंद पडलीय. दिवा लागतो, आवाज नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, चालू आहे. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, आहे. ह्याच कामावर पोट भरायचं आणि त्यातलंच काही कळत नाही. दुसरा मेकॅनिक बघावा लागेल.

४ जानेवारी

हेही लिहून ठेवतो.

दुपारी जेवण करून मी गाडीत बसलो होतो. अंगणातच. काच खाली, गाणं बंद. हे मुद्दाम लिहितो, गाणं बंद होतं. पेपर वाचत होतो. एकदम बन्सीधर फाटक ढकलून धावत आला. पायात चप्पल नाही. माझ्याकडं न बघता सरळ मागच्या दारी गेला. मी पेपर टाकून त्याच्या मागं.

त्रिवेणी हौदाजवळ पडलेली. शेवाळावरून पाय सरकला होता. उजवा हात अंगाखाली, चेहरा पांढरा पडलेला. ओठ हलत होते. माझ्याकडं बघत होती आणि ओठ हलत होते.

गाडी काढली. स्टेपनी उचलून अंगणात फेकली, त्रिवेणीला मागं झोपवलं आणि परभणी गाठली. मनगट मोडलंय.

दवाखान्याच्या ओट्यावर बन्सीधरला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"हाक ऐकली."

"तू कुठं होतास?"

"घरात. जेवत होतो."

मागच्या गल्लीत. भिंतीपलीकडं. मी अंगणात होतो.

"हळू मारली असंल तिनं हाक," म्हटलं.

बन्सीधरनं मान हलवली. मग म्हणाला, "राजशेखर, गल्लीतली कुत्री उठली तिच्या वरडण्यानं."

५ जानेवारी

रुद्राणी आज माझ्यावर खूप ओरडली. तिचं निम्मं कळलं, पण पेटी हा शब्द बरोबर कळला. आधी ती पेटी काढा, म्हणत होती. धम्मानंदला फोनही लावला तिनं, म्हणे उद्या येऊन काढून न्या.

मला काढू नका म्हणायलाही तोंड नव्हतं.

तेवढ्यात त्रिवेणी कॉटवर उठून बसली आणि डाव्या हातानं रुद्राणीचा फोन धरला. काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. रुद्राणी रडायला लागली. मी बन्सीधरकडं बघितलं.

"काय म्हणाली?"

बन्सीधरनं घसा खाकरला. तिचे शब्द त्याच्या त्या जाड आवाजात ऐकायला मला कसंतरीच वाटलं.

"वहिनी म्हणाल्या, पेटीला हात लावायचा न्हाई. कानाचं काय करायचं ते करा, पण ह्या माणसाला येवढंच एक ऐकू यायलंय. ते बी काढून घेता का? गाडीत बसला की मांडीवर ताल धरतो, तेवढ्यापुरता तरी हासतो. मी खिडकीतून रोज बघते."

खिडकीतून बघते, हे मला माहीत नव्हतं.

मग त्रिवेणीनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानाला तोंड लावून बोलली. एवढं मात्र ऐकू आलं.

"मी रुसले न्हाई. बोलून बोलून दमले."

१७ जानेवारी

कान तपासले. रुद्राणी म्हणते म्हणून नाही. त्रिवेणीला बरं वाटावं म्हणून.

त्या मशीनवाल्या रेणुका मॅडमनी काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या लावल्या. आवाज आला की बटण दाबायचं. मी भराभरा दाबलं. मग बराच वेळ काही आवाजच येईना. मी काचेतून खूण केली, मशीन बंद पडली का? मॅडमनी मान हलवली. मशीन चालू होती.

बाहेर आल्यावर त्यांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडं रेघ वर, मग घाटासारखी खाली उतरत जाते. एवढा उतार मी घाटात पण बघितला नाही.

"काका, जाड आवाज तुमचे शाबूत हायेत. ढोल, इंजिन, जाड्या आवाजाची माणसं. बारीक आवाज गेलेत. पाखरं, शिट्टी, लेकरं."

"आणि?"

"आणि बायकांचे आवाज."

मी विचारलं, हे पेटीनं झालं का? त्या म्हणाल्या, एवढा उतार एका महिन्यात होत नाही, हा वर्षानुवर्षांचा आहे. पण पेटी मोठ्यानं वाजवली तर उरलंय तेही जाईल. वाजवायची तर हळू, ठोका पाठीला कळतोच.

परतीच्या वाटेवर बन्सीधरनं गाडी चालवली. मी चालवू दिली. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की 'काय?' म्हटल्यावर ती मान झटकते ते कधीपासून. लागला नाही. जाड आवाज शाबूत म्हणजे अर्धे कान चांगले आहेत, हे मात्र मी रुद्राणीला फोन स्पीकरवर ठेवून ठणकावून सांगितलं. पुढं तिनं काय उत्तर दिलं ते बन्सीधरलाच ठाऊक.

६ फेब्रुवारी

कानात घालायचं मशीन घ्यायला गेलो. रेणुका मॅडमनी कातडीच्या रंगाचं अगदी बारीक दाखवलं. "काका, केसात लपून जातं. कुणालाच कळणार न्हाई. सगळे हेच घेतात."

"दुसरे रंग न्हाईत का?"

त्यांनी खोका काढला. त्यात एक निळं होतं. झकास, मोरपिशी निळं. म्हटलं, हे द्या. रुद्राणी म्हणाली, "अप्पा, लांबून दिसंल."

"दिसू दे की. चष्मा लपवतो का आपण? मी काय चोरी केलीय?"

कानात घातलं आणि आधी घाबरलोच. माझ्याच सदऱ्याचा आवाज येत होता. कागद चुरचुरत होता. बाहेर कुणीतरी चहा ओतत होतं, त्याची धार ऐकू येत होती. जग एवढं आवाज करतं? सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं, टोचणारं. मॅडम म्हणाल्या, सवय व्हायला दिवस लागतील, काढून ठेवू नका.

डोकं भणभणतंय. पण काढणार नाही.

१३ फेब्रुवारी

डेपोच्या कॅन्टीनमध्ये गेलो. मुद्दाम गेलो. टोपी न घालता. सगळे जुने ड्रायव्हर बसलेले. एकानं कान बघितला, दुसऱ्याला कोपर मारलं.

"काय राजशेखर, म्हातारे झालाव म्हणा की."

"व्हय, झालो. तू बी 'काय, काय' करत तीनदा विचारतोस. तू काय झालास?"

बाकीचे हसले. तो हसला नाही. म्हटलं, "इंजिनाशेजारी बसून आपल्या सगळ्यांचीच वाट लागलीय. फरक येवढाच हाय की मी तपासून घेतलं आणि तुमी बायकोला म्हणता की ती पुटपुटती."

बोलून गेलो आणि लक्षात आलं की सगळे टेबलाकडं बघायलेत. चहा गार झाला तरी कुणी उठेना. निघताना त्यातल्या एकानं फाटकापर्यंत सोबत केली आणि हळूच विचारलं, "त्या मॅडम कुठं बसतात?"

त्यानं हळूच विचारलं आणि मला ऐकू आलं.

९ मार्च

त्रिवेणीचं प्लास्टर निघालं. तिच्या भावाच्या नातीचं बारसं होतं, म्हणून सोनपेठला गेलो. आम्ही दोघंच. ती पुढं, माझ्या शेजारी. पेटी बंद ठेवली. मॅडमनी सांगितलंय म्हणून.

पाथरी येईपर्यंत ती गप्प होती. सवय मोडली असावी. मग मीच म्हटलं, "बोल की."

"काय बोलू?"

"काय बी."

आणि मग तिनं सुरुवात केली. हौद घासून घ्या म्हणून सहा महिने सांगत होते. रुद्राणीला स्थळ आलं होतं, तुमाला विचारलं तर तुमी म्हणालाव, "व्हय व्हय, मीठ कमी हाय." बन्सीधरच्या सुनेला मुलगा झाला, पेढे तुमी खाल्ले आणि विचारलं न्हाई कशाचे. शेजारीण मेली तेव्हा तुमी अंगणात हलगी लावली होती. सगळं सांगितलं. मी काही ठिकाणी हसलो, काही ठिकाणी रस्त्याकडं बघत राहिलो. मधेच खिडकीकडं तोंड करून काही बोलली, ते मशीन असूनही निसटलं. मी परत विचारलं. तिनं मान झटकली नाही. परत सांगितलं.

सोनपेठला मेव्हणा पुढं आला. माझा कान बघून त्यानं तोंड पार जवळ आणलं आणि ओरडला, "भावजी! ऐकू यायलंय का!"

"यायलंय. मागं तुमी काय म्हणालाव, त्ये बी आलं."

तो पडला गोरामोरा. मागं तो काय म्हणाला होता, मला कुठं माहीत? पण काहीतरी म्हणालाच असणार.

संध्याकाळी परत निघालो. त्रिवेणीच्या ओटीत नारळ, हातात नवीन बांगड्या. बराच वेळ तिनं पेटीच्या बटणाकडं बघितलं.

"लावा की."

"मॅडमनी—"

"हळू लावा."

हळू लावली. ठोका सीटमधून पाठीला लागला. कानातलं मशीन असल्यामुळं आज गाण्यातली बाईही ऐकू येत होती, जिचा मला इतके दिवस पत्ताच नव्हता. मग जाणवलं की दोन बायका गात आहेत. एक गाण्यातली आणि एक शेजारची. त्रिवेणी खिडकीबाहेर बघत बारीक आवाजात गात होती.

"तू गातीस?"

"नेहमीच गाते. भाकऱ्या करताना."

मी काही बोललो नाही. तिनं थांबू नये म्हणून.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. ह्या गल्लीनं त्या पेटीवरून मला काय-काय नावं ठेवलीत, ते आता सगळं ऐकू येतं. ओट्यावर चार जण बसलेलेच होते. मी आवाज बंद करायला हात पुढं केला, तर त्रिवेणीनं तो बाजूला सारला आणि नुकत्या बऱ्या झालेल्या मनगटानं बटण उजवीकडं फिरवलं.

"अगं, कान जातील!"

"फाटकापर्यंतच," ती म्हणाली. "कळू द्या त्यांना, आमी आलो म्हणून."

मी एका हातानं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, काचा खाली केल्या आणि पहिल्या गिअरवर गाडी गल्लीत घातली.